फेरे मोजणारं यंत्र

मत्रहच्या बंदरामागे, लोबानाच्या दुकानांना वळसा घातला
की माझी चक्की. शुक्रवारी नमाज सुटली की
ओरेस्ते येतो, दोन किलो गहू घेऊन.
‘रव्याच्या जरा अलीकडे थांबव,’ म्हणतो,
आणि पीठ पडेस्तोवर खापरपणजोबा सांगतो
मोडक्या हिंदीत, हप्त्याहप्त्याने.

तिबुर्झिओ. पाणचक्कीवाल्याचं पोर,
भुवयांतलं पीठ झटकून शहरात शिकायला गेलं.
अर्थशास्त्र असं शिकवायचा म्हणे
की सावकारांची पोरं मान खाली घालून बसत.
मग देश झाला. नवा कोरा, आणि तिजोरीत उंदीर.
हा मंत्री. याने उपाय काढला:
प्रत्येक जात्याला पितळी यंत्र, शंभर फेऱ्यांमागे इतका कर.
रेशमाला नाही म्हणता येतं, भाकरीला कोण म्हणणार?

(मी पट्टा तपासायच्या निमित्ताने पाठ फिरवली.
दळणामागे चिमूटभर घट धरतो आम्ही,
तीसुद्धा गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून बघतं.)

पहिलं यंत्र बापाच्याच चक्कीला.
म्हातारा काही बोलला नाही. पाण्याची फळी पाडली,
चाक थांबलं, आणि पोराला निरोप धाडला:
शून्याचा कर किती?
इतर गावांत लोकांनी दगड उचलले. शिपायांनी बंदुका.
सतरा माणसं. ती कुठल्या यंत्राने मोजली नाहीत.

पद गेलं, मग दात. बंद चक्कीत बहिणीजवळ राहिला,
दर रविवारी त्या यंत्राला तेल घालायचा.
‘का?’ मी विचारलं.
ओरेस्तेने पिठात बोट घातलं. ‘गरम आहे,’ म्हणाला.

गेल्या महिन्यात फडक्यात बांधून यंत्रच घेऊन आला.
दुर मुहम्मदने खटपट करून दांड्याला जोडलं.
चाललं की! पाच आकडे, विजेच्या वेगाने.
तीन चहा झाले, मगरिबच्या आत नव्व्याण्णव हजार संपले,
आणि पुन्हा शून्य. म्हातारा
हसता हसता स्टुलावर बसला, मग हसायचा थांबला.

दोन शुक्रवार झाले, आला नाही. फोन लागत नाही.
शटर ओढण्याआधी मी आकडा वहीत लिहितो, तारखेसकट.
दुर मुहम्मद विचारतो, ‘शेठ, हे वसूल कोण करणार?’

काल एकेचाळीस हजार सहाशे तीन.
त्याचं विसरलेलं पीठ डब्यात आहे,
जाडसर. त्यावर दळणावळ लावलेली नाही.