तिरका काप

तारेचं मला सांगू नका, डॉक्टर.
एकेचाळीस वर्षं ताकुआरेम्बोच्या माळावर
कुंपणाची तारच ओढली मी.
ती ताणाने तुटत नाही सहसा.
वारा तिला एकाच जागी हलवतो,
रोज थोडी, रोज थोडी,
आणि एखाद्या सकाळी, काहीच घडलेलं नसताना,
टण्ण.

तुम्ही माझ्या खुब्याभोवती तीन फेरे घातलेत.
फोटोत दोन उघडे पडलेत.
जी बांधून ठेवायची ती हाडाची कपची
वर सरकलीय, दावं तोडलेल्या वासरासारखी.
पीळ चुकला नव्हता. पाहिला मी.
मीही तसाच दिला असता.
पण खांबच मातीत मुरला नाही
तर तार एकटी किती दिवस धरणार?

नेलिदा म्हणते, एलेउतेरियो, बदकासारखा चालतोस.
डाव्या कुशीवर वळलो की आतून कोणी टोचतं.
आणि तो सुटलेला तुकडा, नखाएवढा,
मार्चमध्ये इथे होता,
आता चार बोटं खाली.
फिरू दे, म्हणता तुम्ही,
बहुतेकदा काही करत नाही.

बहुतेकदा.

सत्त्याऐंशी साली एचेवेर्रींच्या कुरणात
एक कबरी गाय चरायची थांबली.
पाठ कमानीसारखी, पुढची कोपरं बाहेर,
उतार म्हणून उतरेना.
मेल्यावर गुरांच्या डॉक्टरने काळीज चिरलं
आणि तळहातावर तार ठेवली, बोटभर, काळी पडलेली.
गाय काही निवडून खात नाही, तो म्हणाला.
तारेचं एक टोक तिरकं होतं,
कडेला बारीकशी जीभ.
माझ्या पकडीच्या पात्याला खाच होती.
त्या अख्ख्या मुलुखात तसा काप
दुसऱ्या कोणाचा नव्हता.

टोपी काढून हातात धरली.
बोललो नाही काही.
दुसऱ्या दिवसापासून कमरेला बिस्किटांचा डबा,
कापलेला प्रत्येक तुकडा त्यात.
रात्री माते पीत मोजायचो.
नेलिदा हसायची,
पैसे मोजावेत तसं काय मोजतोस?
तिलाही सांगितलं नाही.

काढा, असं नाही म्हणत मी.
या वयात पुन्हा चिरणं म्हणजे काय
ते कळतं मला.
फक्त तो फोटो जरा मोठा करा.
तिथे, तो नखाएवढा.
त्याचं टोक दाखवा मला.