नदी लहान असते तेव्हा

नाव मागायला आली तेव्हा तिच्या हातात मच्छरदाणी होती.
म्हटलं, पोरी, ही झोपायची. माशाला जाळं वेगळं असतंय.
म्हणाली, मासे नकोत तात्या,
मासे सोडून सगळं पाहिजे.

तमन्ना नदाफ, अकरावी.
हरिपुरात बुजलेल्या पेवांच्या पलीकडं घर.
मागं सन्मती चौगुले, तोतरा प्रज्योत,
आणि चष्मा दोऱ्यानं बांधलेली आणखी एक.

वारणा कृष्णेला मिळते तिथं
घटकाभर पाण्याला दोन रंग असतात.
त्या शिवणीवर मी नाव धरायची,
पोरांनी मच्छरदाणी धरायची, तासभर, दर रविवारी.
मग काठावर ओतून मोजायचं:
पुड्या दोनशे सहा. शॅम्पू नव्वद.
खताच्या पोत्याचं तोंड. बाहुलीचा एक पाय.
वहीवर नाव घातलेलं: समुद्राकडं निघालेलं.

घाटावरचे हसले.
समुद्र? सांगलीत?
आणि आपली नदी तर जवळचा समुद्र पाठीशी टाकून
उगवतीला चाललीय, परक्या मुलखात.
एक शहाणा म्हणाला, अलमट्टीलाच अडकतंय सगळं.
तमन्ना म्हणाली,
अडकतंय म्हणजे संपतंय होय काका?

प्रज्योतला वाटलं, बाटलीत चिठ्ठी घालून सोडू या,
खालच्या पोरांना मिळेल.
ती म्हणाली, आणि ती बाटली कोण मोजणार?
मग पोस्टकार्ड धाडलं,
कृष्णेच्या मुखाजवळच्या एका शाळेला.

श्रावणात एक पिशवी निघाली. पिवळी.
वर छापलेलं:
नदाफ किराणा, आमच्याकडे सर्व काही मिळेल.
मग दुसरी. मग मोजायचंच ठरलं.
सन्मती हळूच म्हणाली, ह्या नको लिहू या.
तमन्नानं एकेक पिळली, घडी घातली,
आणि लिहिलं, अक्षर जरा मोठंच आलं:
नदाफ किराणा, अकरा.

संध्याकाळी वही घेऊन ती दुकानात गेली.
आत काय झालं मला ठाऊक नाही.
दोन रविवार आली नाही.
मोजणी प्रज्योतनं केली, मोठ्यानं,
आकड्या-आकड्याला अडखळत,
पण एकही सोडला नाही.
तिसऱ्या रविवारी ती आली.
बाप वर काठावर गाडीवर बसून राहिला,
उतरला नाही,
गेलाही नाही.

उत्तर आलं दिवाळीनंतर, तेलुगूत.
कुणाला वाचता येईना.
पोरं मार्केट यार्डात गेली, मीही गेलो.
निजामाबादची हळद उतरवून
एक ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत जेवत होता.
हात धुतले, पुसले,
कार्ड उजेडाला धरलं,
आणि मोडक्या हिंदीत वाचत गेला.
इथं कासवं येतात रात्री, अंडी घालायला.
परवा एकीचा पाय दोरीत गुंतलेला.
दोरी कुठली ते कळलं नाही. आम्ही सोडवली.
आम्ही सात जण आहोत.
तुम्ही किती?

आणि खाली, बारीक अक्षरात:
आम्ही नदी म्हातारी झाल्यावरच पाहिलीय.
तिकडं वर, लहान असते तेव्हा
ती कशी दिसते?

ड्रायव्हरनं कार्ड परत दिलं. बोटांची हळद
एका कोपऱ्याला लागली होती.
तमन्ना माझ्याकडं वळली.
तुम्ही सांगा तात्या, मी लिहिते.

आम्ही आंबी, जन्म पाण्यावर गेला.
इतक्या वर्षांत मला हे
कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, थांब.
उद्या सकाळी बघून सांगतो.