निशाणी

सूतगिरणी बंद पडून एकोणीस वर्षं झाली,
आवार मात्र अजून सपाट.
फैजपूरकडचे आम्ही नऊ जण
रविवारी पहाटे, ऊन तापायच्या आत,
वळणांच्या जागी केळीचे रिकामे क्रेट मांडतो
आणि घड्याळ लावून गाड्या पळवतो.
बक्षीस काही नाही.
शेवटून पहिला येईल त्यानं चहा पाजायचा.

माझी स्विफ्ट तीन मालकांनी वापरलेली. मी चौथा.
शेजारच्या सीटवर रईस पिंजारी,
सावद्याला टायरचं दुकान,
गुडघ्यात दोन रॅल्यांचे दोन स्क्रू.
म्हणतो, साठवर ये, दुसऱ्या क्रेटपाशी दाब.
लाथ घातल्यासारखा दाब.
आणि सोडू नको.

मी दाबतो. सोडतो. दाबतो. सोडतो.
क्रेट बंपरखाली, कडकड.

"हे कुणी शिकवलं?"

ते तिकडे लिंबाखाली बसलेत,
प्लास्टिकच्या खुर्चीत, उजवा पाय लांब करून.
आबांनी सव्वीस वर्षं केळी दिल्लीला नेली.
चाप, सोड, चाप, सोड,
हे मला बाराखडीच्या आधी आलं.
बिजासनच्या उतारावर मात्र त्यांनाच
सोडायला वेळ मिळाला नव्हता.
चाकं जागच्या जागी गोठली,
स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवलेलं
आणि ट्रक सरळ.
हवालदारानं काळी रेघ पावलांनी मोजली,
त्रेसष्ट भरली.
आबा दवाखान्यातही विचारत राहिले,
मी वळवली व्हती ना रे?

"थांबलेलं चाक वळत नसतं भो."
रईसला यातलं काहीच माहीत नाही.
"वळायचं तर फिरत राह्यलं पाहिजे, थोडं का होईना.
तुझ्या वाटचं सोडायचं काम ब्रेकच करतो.
तू नको सोडू."

पुन्हा.
पायाखालून पेडल उलटं ढकलतं,
खर्रर्र, खाली कुणी दात खात असल्यासारखं.
सगळं अंग म्हणतं मोडलं, पाय काढ.
"भ्याचं नाही. आमच्या आजाच्या पिंजणाची तांत
अशीच थरथरायची.
थरथरली तरच रुई मोकळी व्हते."
मी दाबून धरतो.
नजर क्रेटवर नाही, पलीकडच्या फटीत.
हात जरासे डावीकडे जातात
आणि गाडी, इतकी थांबत असताना,

वळते.

नऊ वाजेपर्यंत आणखी बरंच सांगून झालं.
मुरमावर हा ब्रेक लबाड होतो, लांब नेतो.
घड्याळातले सेकंद थरथरीच्या केसभर अलीकडे असतात,
तिथं पाय नुसता टेकवून राहायचं.
उठवताना मात्र झोपल्या लेकराच्या मानेखालून
हात काढावा तसा.
मला नाही जमलं ते. नवातला आठवा.
चहा भंगाळेंच्या खात्यावर.

चहा येतोय तोवर आबा उठले.
दुसऱ्या क्रेटपासून निघाले मोजत,
एक पाऊल लांब, एक आखूड,
जिथं माझी गाडी थांबली होती तिथवर.
वाकून कोब्यावर बोट घासलं, उजेडात धरलं.
धूळ होती.
"निशानी कुठी गेली रे?"
"अशा ब्रेकनं रेघ नाही पडत, आबा. जरा फिक्कट, तुटक."
"चोवीस," ते म्हणाले.
मी म्हटलं, हो, बरं आहे चोवीस.

ते थांबले नाहीत.
पंचवीस, सव्वीस,
ओठ हलताना लांबून दिसत होते.
गिरणीच्या वजनकाट्यावरून,
फुटक्या गटाराला वळसा घालून,
तसेच पुढे, सरळ,
भिंतीलगतच्या एरंडापर्यंत.
तिथं त्यांनी झाडाला हात लावला
आणि उभे राहिले.

मागं पुढची गाडी सुरू झाली होती.
मी हात वर केला,
थांब म्हणून.