किंचित डावीकडे

लुइसटाउनच्या जत्रेच्या मैदानात, पत्र्याच्या हॉलमध्ये
फेब्रुवारीतला बंदुकांचा बाजार.
दारातच वास येतो : ओल्या लोकरीचा, करपलेल्या कॉफीचा
आणि त्या चिकट तपकिरी वंगणाचा,
ज्यात अर्धं शतक झोप काढून
कुठल्याकुठल्या सैन्यांनी मोडीत काढलेला माल
माँटानात येऊन जागा होतो.

मी बर्फ काढायचा ट्रक चालवते.
यंदा हरणाचा परवाना लागलाय.
नवी रायफल सातशेच्या खाली नाही,
आणि गिअरबॉक्सचं बिल अजून फ्रिजवर, चुंबकाखाली.

पहिल्याच टेबलाशी रशियन रायफली
पिंपात उभ्या, केरसुण्यांसारख्या.
"कुठलीही उचल, सत्तर डॉलर," ड्वेन म्हणाला.
सोबत काडतुसांचा डबा, मासळीच्या डब्यासारखा सीलबंद,
उघडायची किल्ली मात्र हरवलेली.
"झाडून झालं की नळीत उकळतं पाणी ओत,
नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज."
माझ्याकडे किटली एकच. तिच्यात चहा होतो.

मग ही दिसली. स्विस.
खिट्टी सरळ मागं येते, नीट बसवलेल्या खणासारखी.
नळी आतून आरसा,
आणि दस्त्याचा खालचा भाग
कुत्र्यानं चघळल्यासारखा.
त्याच्यावर बोट ठेवून मी नऊ डॉलर कमी केले.
एकशे वीस, वर काडतुसांची सहा खोकी.
फॉर्म भरला. ड्वेननं फोन लावला.
होकार येईस्तोवर
आम्ही चार मिनिटं वाऱ्याबद्दल बोललो.

शेजारचा म्हणाला, दस्त्याची पट्टी काढून बघ, दोनच स्क्रू.
काढली.
खाली घडी घातलेला कागद, तेलानं पारदर्शक झालेला :
त्सुरफ्लू, आलोइस. जन्म १९२९.
शाट्डॉर्फ, उरी.
मला वाटलं, कुणाच्या तरी कोटाच्या खिशात
चुकून हात गेला.

पत्र टाकलं. का टाकलं, विचारू नका.
इथल्या मार्चला दुसरं काम नसतं.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं, जर्मनमध्ये.
आमच्याकडे जर्मन कुणाला येतं?
शनिवारी कोंबड्या विकायला येणाऱ्या
हटराइट वसाहतीतल्या बायकांना.
राहेल विप्फनं हात एप्रनला पुसले,
पहिली ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं.
"युद्धाची बंदूक धरायची नाही म्हणून
आमचे लोक किती देश सोडून आले, माहीत आहे ना?"
माहीत होतं. तरी ती वाचत राहिली,
अंड्यांच्या ट्रेवर कोपर टेकून, ठिपक्यांच्या रुमालातून हसत.

'खालच्या जखमा माझ्याच.
बुटाला चिकटलेला बर्फ मी दस्त्यानं ठोकून काढायचो,
सार्जंट बोंबलायचा.
बाकी सारी वर्षं ती कपाटात उभी होती,
बायकोच्या लग्नाच्या झग्यामागे.
वर्षातून एकदा सरकारी हुकूम,
मग पुठ्ठ्याच्या गोलावर गोळ्या, नंतर सॉसेज.
जिवंत असं तिनं काही पाहिलं नाही.
तुम्ही हरणाचं लिहिता. असो.
खाणारे लोक असाल.
एकच विचारतो :
अजून ती किंचित डावीकडे जाते का?
सगळे म्हणायचे, आलोइस, दोष तुझ्या खांद्याचा.'

रविवारी खडीच्या खाणीत गेले.
पुठ्ठा लावला, खोक्यातली दहाच्या दहा झाडली.
दोन बोटं. डावीकडे. दर वेळी.

माशी सरळ करायचं हत्यार आहे माझ्याकडे.
वीस मिनिटांचं काम.
अजून हात लावलेला नाही.

पुढच्या शनिवारी राहेलला म्हटलं, उत्तर लिहायचंय :
खांदा निर्दोष.
"लिहीन," ती म्हणाली, "पण ती ट्रकमध्येच राहू दे."
ट्रकमध्येच होती, घोंगडीखाली.
मी दोन डझन अंडी घेतली.
मला एकच लागतं.