खालची डावी सहावी

ट्रेवरचं हिरवं फडकं उचललं
तेव्हा दसरू शेंडे पहिल्यांदा घाबरला.
तोवर सुई निमूट घेतली होती त्यानं,
अर्धा ओठ जड झाला होता,
आणि तो मला विचारत होता, कोन्त्या गावची वो तू?
यवतमाळ, म्हटलं मी. फडकं तसंच हातात.

मे महिना. मेडिकल चौकाजवळचं आमचं डेंटल.
कूलरच्या वाळ्याला वास होता, पाणी नव्हतं.
हातमोज्यात बोटं घामात पोहत होती.

आरसा, प्रोब.
हिरडी सोडवायचं पातं.
सरळ एलिव्हेटर, उलथन्याच्या जातीचा, पण नखाएवढा.
आणि खालच्या दाढांचा फोर्सेप :
दोन्ही चोचींना मधोमध एकेक टोक,
दोन मुळांच्या बेचक्यात बसणारं.
शेजारी गाईच्या शिंगांचा एक,
त्याला सर आम्हाला हात लावू देत नसत.

"तोंड उघडा."
उघडलं. दोन बोटं. पुढे नाही.
खर्रा. सोळाव्या वर्षापासून, दिवसाला आठ पुड्या.
गाल आतून पांढरा, ताठ,
उन्हात टाकलेल्या कातड्यासारखा.
त्या दोन बोटांच्या फटीतून
मला हे सगळं लोखंड आत न्यायचं होतं.

पिंपळखुटे सर म्हणायचे,
दात उपटायचा नसतो, हाड रुंद करायचं असतं.
वहीत होतं माझ्या. खाली दोन रेघा.
हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.
मी ओढलं.

त्यानं माझं मनगट धरलं,
फोर्सेप बाहेर घ्यायला लावला,
आणि लाळ पुसत, अर्ध्या ओठानं म्हणाला,
"वढू नोको वो बाई. हालव."

कळमन्यात संत्र्याची मोडकी खोकी सुटी करायचा तो.
फळ्या इकडे, खिळे तिकडे, वीस वर्षं.
"खिळा वढला का फळी फाटते.
पयले आत दाब. मंग इकडं, मंग तिकडं.
थोडा थोडा.
मंग थो सोताच म्हन्ते, घे."

मग दाबलं आधी, खाली, मुळाच्या दिशेनं.
गालाकडे. थांबले. जिभेकडे. थांबले.
डाव्या हातात त्याचा जबडा, अंगठा हनुवटीखाली,
सर मागे उभे, काही न बोलता.
कुठेतरी ओलं लाकूड कुरकुरलं.
हाड होतं ते, हे मला माहीत होतं,
तरी नाकात संत्र्याचा वास आला.

मग एक बारीक टक्.

दाढ हातात. मुळं दोन.
एकाला टोक नव्हतं.

सरांनी खड्ड्यात पाहिलं, मग दाराकडे.
बाहेर अठ्ठावीस माणसं, गालाला रुमाल.
"तीन मिलिमीटर. राहू दे. कार्डावर लिही."
लिहिलं.
दसरूला सांगितलं नाही.
गॉझ दिला. अर्धा तास चावून धरा, थुंकू नका,
आत रक्ताची गाठ बसू द्या, तीच मलमपट्टी.
आणि खर्रा नाही.
"आज नाई," तो म्हणाला.
एवढंच कबूल केलं त्यानं.

दाढ मीच मागितली, लाजत.
आम्हाला सरावाला लागतात, फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवतो.
"ने ना वो. माह्या तोंडात राहून
दुखन्याबिगर का केलं तिनं?"
दारातून वळला, गाल सुजायला लागलेला :
"खोका बराबर फोडला तू."

एकवीस वर्षं झाली.
नंदनवनातल्या माझ्या दवाखान्यात शिकाऊ पोरं येतात,
ओढतात.
मी त्यांच्या हातावर हात ठेवते, म्हणते,
वढू नोको, हालव.
ती हसतात. त्यांना वाटतं, मॅडमची गावची बोली.

ती कार्डं कधीच वाळवीनं खाल्ली.
राहिलेल्या टोकाभोवती हाड आपलं आपण भरतं,
असं पुस्तकात आहे.
कधी कधी भरत नाही, असंही आहे, पुढच्या पानावर.

कळमन्यात मी दोनदा गेले.
दोन्ही वेळा
नुसती संत्री घेऊन परत आले.