प्रमाण : एकास चार हजार

राजधानी आखणाऱ्यानं दोरी धरली असेल
तेव्हा चुना ओला असणार, माळ मोकळा.
पहिली गल्ली, दुसरी, तिसरी…
राजारामपुरीत अजून नाव विचारत नाहीत,
‘कितवी?’ म्हणतात.
आकड्यांत मावेल असं वाटलं असणार गाव.

मी नोकरीला लागलो तेव्हा संस्थान जाऊन
वीस वर्षं झाली होती.
कपाटं मात्र तीच. नगररचना विभाग,
पद आरेखक, एक उंच स्टूल
आणि खळ लावलेलं निळसर ट्रेसिंगचं कापड.
रद्द झालेले नकाशे बायको गरम पाण्यात टाकायची,
खळ सुटायची, शाई सुटायची,
मऊसूत रुमाल निघायचे.
माझ्या थोरल्यानं
एका नामंजूर बाजारपेठेला नाक पुसलं आहे.

मग उसाची पट्टी निघाली
आणि तिथं सळ्या उगवल्या.
पाचगाव, कळंबा, उचगाव, पार मोरेवाडीपर्यंत.
शाई वाळायच्या आत नकाशा खोटा पडू लागला.
सकाळी मी हिरवा भरावा, शेती.
दुपारी साहेब म्हणायचे, हावळ, पिवळा करा.
पिवळ्या रंगाची वडी वर्षाला तीनदा मागवायचो.
हिरवी एकच पुरली.
अजून असेल भांडारात, भेगाळून.

जुन्या शीटवर तळी होती.
त्यांच्यावरून तिरक्या रेघा ओढल्या,
खाली लिहिलं : भराव.
अक्षर चांगलं होतं माझं.
पुढं पूर आला तेव्हा पाणी शाहूपुरीत शिरलं,
त्यानं ‘कितवी?’ विचारलं नाही.

एका मंगळवारी सुंद्राबाई लोहार आली.
तेलाच्या पिशवीत दोन पावत्या,
एक पंचायतीची, एक पालिकेची.
दार गावात, नळ शहरात.
म्हणाली, ‘माझी चूल कुठं येती
तेवढं सांगा, सायेब.
बाकीचं बघू आमचं आमी.’

मी शीट पसरली. भिंग धरलं.
हद्दीची रेघ तिच्या स्वयंपाकघरावरून गेली होती.
माझीच होती.
पॉइंट तीनचं पेन,
एकास चार हजार,
म्हणजे जमिनीवर एक मीटर वीस.
हे गणित तोवर कधी केलं नव्हतं.
एक मीटर वीसमध्ये
चूल बसते, घागर बसते,
ताटली घेऊन एक पोरगं बसतं.
‘म्हंजे आमी रेघंतच ऱ्हातो व्हय?’
ती हसली. शिपाई हसला. मीही.
जाताना दारातून वळून म्हणाली,
‘मग पुसू नका हां.’

नाही पुसली.
त्यानंतर किती आराखडे आले,
हद्दवाढीचे मोर्चे आले, त्याविरुद्धचे आले,
गावं बंद राहिली, शहर बंद राहिलं,
प्रत्येक नव्या कापडावर
मी त्या जागी पेन जरा दाबून चालवलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
आलं असतं तर काय सांगितलं असतं?

आता सगळं संगणकावर.
नात तिथंच लागली आहे, करारावर.
तिनं घरी आणून दाखवलं, बघा आजोबा,
हे तुमचं उचगाव.
मी म्हटलं, जवळ घे. अजून. अजून घे.
छपरं मोठी झाली, टाक्या मोठ्या झाल्या,
वाळत घातलेली एक चादरसुद्धा दिसली,
रेघ होती तेवढीच राहिली.
कितीही जवळ जा, तिला जाडी येत नाही.
तिच्यात कुणाला राहता यायचं नाही.

परवा चालत गेलो.
घराच्या जागी पाच मजले,
वर पितळी अक्षरं : राजधानी हाइट्स.
गेटवरच्या पोरानं विचारलं, कोण पाहिजे?
म्हटलं, सुंद्राबाई लोहार.
त्यानं वही उघडली, बोट ओलं केलं.
‘कितवा?’

मी खिशात चष्मा शोधू लागलो.