बदली

वाऱ्यामुळे तीन दिवस बोट आली नाही,
म्हणजे फगलचं पाकीटही नाही.
वेस्ट्रे बेटावर, शाळेमागच्या घरात
मेरन ड्रेव्हर पातेल्यापाशी उभी.
सातूचा काढा रटरटतोय,
खिडकीची काच घामेजलेली.

फ्रीझरच्या तळातून निघालं ते एवढंच:
गोल्डिंग, अर्धं पाकीट, वरची तारीख पुसलेली.
कॅस्केड, हवं तेवढं.
आणि कपड्याच्या चिमट्यानं तोंड बांधलेलं
थोडंसं स्टायरियन.

चिमूटभर तळहातावर चोळायचं, नाकाशी न्यायचं.
कॅस्केड म्हणजे पपनसाची साल,
मागच्या बाकावरून ओरडणारं पोर.
आज नको.
गोल्डिंगला कधीकाळी मधाचा वास असेल,
आता कुबट चीजचा.

वहीत ऑसला हार्कसचं तिरकं, घाईचं अक्षर:
फगलच. दुसरं काही नको.
खाली दोन रेघा.
ईस्टरच्या गावजेवणाला हीच बिअर लागते.
ऑसला बाळंतपणाला ॲबर्डीनला गेलीय.
तिचा वर्ग, तिची खुर्ची, तिचं हे पातेलं
सप्टेंबरपासून मेरनकडे.
पोरं चुकून ‘मिसेस हार्कस’ म्हणतात
आणि जीभ चावतात.

दुधाची तहान ताकावर, म्हणतो आपण.
ताकाला विचारलंय कुणी,
बाई, तुझी तहान कशावर?

स्टायरियनची तर वेगळीच कथा.
तिकडे स्लोव्हेनियात कुणीतरी
गोल्डिंग समजून वेल लावला,
तो निघाला फगल.
नाव चुकलं ते चुकलंच, कुणी खोडलं नाही.
वेलानं मात्र मूळ धरलं,
तिथल्या उन्हाचं काहीबाही उचललं,
आणि आता तो धड हाही नाही, तोही नाही.

मेरन पुन्हा हुंगते.
ओली माती. तिच्यात सांडलेली मिरी.
कडूपणा जरा कमी पडेल,
मग मूठ जरा सैल सोडायची.
शेवटची पंधरा मिनिटं.
ती पाकीट उपडं करते.

दार वाजतं. थॉर्फिन, तिसरीतला,
बॉल कुंपणाच्या आत आलाय.
नाक वर करून म्हणतो,
‘आमच्या गोठ्यामागे पाऊस पडल्यावर येतो
तस्साच वास येतोय, मिसेस हार्कस.’

ती बॉल शोधून देते.
नाव दुरुस्त करत नाही.
आत फेस काठापर्यंत आलाय,
ती धावते.